उत्तर आलं, पण तपासलं कुणी?

शंकेखोर : संगणकाने काढलेल्या उत्तरावर माझा विश्वास का बसत नाही, असं विचारता ना? मग एका डिटरमिनंटची हकीकत ऐका. स्पेनमधले तीन गणितज्ञ एका अनुमानाच्या मागे होते. त्यांची आकडेमोड एकमेकांशी जुळेना. कारण शोधत ते जिथे पोचले, ते त्यांनी २०१४ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'नोटिसेस'मध्ये लिहून काढलं. चौदा ओळी आणि चौदा स्तंभांची एक मॅट्रिक्स. सगळे आकडे पूर्णांक, फक्त अवाढव्य. मॅथेमॅटिका या सॉफ्टवेअरला तिचा डिटरमिनंट विचारला, उत्तर आलं. तीच मॅट्रिक्स, तीच आज्ञा पुन्हा दिली, तर उत्तर वेगळं. दशांश नाहीतच, त्यामुळे 'शेवटच्या घरात थोडं इकडेतिकडे व्हायचंच' ही पळवाटही नाही. पूर्णांकांचा डिटरमिनंट सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा असा नसतो. बरं, चूक कुठे आहे ते उघडून पाहावं, तर आतला कोड कंपनीचा. कळवा आणि वाट पाहत बसा. कसं मोजलं हे मोजणारा दाखवणार नाही, आणि आपण त्याच्या आकड्यावर प्रमेय उभं करायचं!

उत्साही : ही हकीकत खरं तर माझ्या बाजूची आहे. गेल्या वीस वर्षांत जे बदललं ते नेमकं हेच. विल्यम स्टाइन नावाच्या गणितज्ञाने २००५ साली सेज हे खुलं गणिती सॉफ्टवेअर सुरू केलं ते याच चिडीतून. प्रमेयाची सिद्धता वाचायला मिळते, मग त्या सिद्धतेच्या पोटातली आकडेमोड का वाचायला मिळू नये? आणि मुळात हे सगळं होतं कुणाचं? मॅटलॅब आज महाग कंपनी-सॉफ्टवेअर म्हणून ओळखलं जातं. पण क्लीव्ह मोलर यांनी ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात लिहिलं, ते विद्यार्थ्यांना फोरट्रानच्या कटकटीत न पडता लिनपॅक आणि आइस्पॅक वापरता यावीत म्हणून. ही दोन्ही ग्रंथालयं अमेरिकेत सरकारी पैशातून तयार झाली होती आणि सर्वांना खुली होती. म्हणजे खुल्या कोडचा हट्ट नवा नाही, मधल्या काळात आपण तो सोडून दिला होता एवढंच.

आता आपल्याकडचं पाहा. लायसनची किंमत ऐकूनच आमची कॉलेजं एकतर चोरटी प्रत टाकायची, नाहीतर प्रात्यक्षिकाची वही आदल्या बॅचच्या वहीवरून उतरवायची. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं विद्यार्थ्यांकडूनच सायलॅब या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून घेतली आणि सर्वांसाठी ठेवली. तिथलीच स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत. तालुक्याच्या गावातला मुलगा ज्या पायथॉनमध्ये गृहपाठ करतो, त्याच पायथॉनची नमपाय आणि मॅटप्लॉटलिब ही साधनं कृष्णविवराच्या पहिल्या चित्रामागेही होती. एप्रिल २०१९ मध्ये आलेलं एम८७ चं ते चित्र आठवतं ना? चार गटांनी एकमेकांशी एक शब्द न बोलता वेगवेगळी चित्रं काढली, मग ती शेजारी शेजारी ठेवली. सगळ्यांत कडं दिसलं, तेव्हा कुठे पुढचं काम. तुम्हाला हवी तशी तपासणी अजून कशी असते?

शंकेखोर : चार गट त्यांना परवडले. आमच्या पीएचडीच्या मुलीला एक मार्गदर्शक धड मिळत नाही, तिने चार गट कुठून आणायचे? आणि 'कोड खुला आहे' या वाक्यात एक लबाडी आहे. खुला आहे म्हणजे कुणीतरी वाचलाय, असं आपण मनातल्या मनात धरून चालतो. रेणूंच्या एनएमआर आकडेमोडीसाठी पायथॉनच्या काही छोट्या स्क्रिप्ट २०१४ साली 'नेचर प्रोटोकॉल्स'मध्ये छापून आल्या. अगदी खुल्या. रसायनशास्त्रज्ञांनी त्या शंभराहून अधिक शोधनिबंधांत वापरल्या. २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की तीच स्क्रिप्ट, तीच माहिती, पण संगणक बदलला की उत्तर बदलतं. कारण काय? फोल्डरमधल्या फाइली कोणत्या क्रमाने हातात पडतील याची पायथॉन हमी देत नाही. त्या नेहमी ठरावीक क्रमाने येतात असं लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं. ज्या यंत्रावर लिहिलं तिथे तशा यायच्या. उबुंटूवर येईनात. एवढंच. पाच वर्षं ती ओळ उघड्यावर पडून होती. एक सॉर्टची आज्ञा घातली असती तर प्रश्न मिटला असता.

फुकटचं ते पौष्टिक असं आपण म्हणतो, पण ते पिकवणाऱ्याचं पोट कुणी विचारत नाही. ज्या नमपायचं तुम्ही नाव घेतलंत, त्यावर अर्ध्या जगाचं विज्ञान आणि बड्या कंपन्यांचं एआय उभं राहिलं, आणि त्याला पहिलं स्वतंत्र अनुदान मिळालं २०१७ साली, साडेसहा लाख डॉलरच्या आत. तोवर लोक रात्री, रविवारी, नोकरी सांभाळून ते चालवत होते. थकलेल्या एकट्या माणसाच्या हातातलं असं काम कुणीही गोड बोलून काढून घेऊ शकतो. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या फाइली दाबणाऱ्या साधनात तसं झाल्याचं उघड झालंच. मदतनीस म्हणून आलेल्यानेच आत चोरदार बसवलं. ते सापडलं कसं, तर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो म्हणून एक इंजिनिअर खोदत बसला होता.

उत्साही : सापडलं ना! बंद कोडमध्ये तो अर्धा सेकंद तुम्ही कुठे खोदला असता? पैशाचं मात्र मान्य. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

शंकेखोर : मग नमपायवरच राहू या. २०२४ च्या जूनमध्ये त्याची २.० आवृत्ती आली, १.० नंतर जवळपास अठरा वर्षांनी. आता तुम्ही हे करून पाहा. आठ बिटांच्या घरातला १०० घ्या, त्यात साधा २०० मिळवा. जुनी आवृत्ती म्हणायची ३००. नवी म्हणते ४४. शंभर अधिक दोनशे बरोबर चव्वेचाळीस! आणि याला प्रगती म्हणायचं?

उत्साही : म्हणायचंच, आणि का ते सांगतो. आठ बिटांत शून्य ते २५५ एवढेच आकडे मावतात. ३०० मावत नाही, २५६ वजा होतात, उरतात ४४. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याचा लाल, हिरवा, निळा बहुधा असाच आठ बिटांत ठेवलेला असतो, तेव्हा हे काही कोपऱ्यातलं गणित नव्हे. आता जुन्या आवृत्तीची गंमत बघा. सुटा आकडा असेल तर नमपाय गुपचूप मोठं घर घ्यायचं आणि ३०० सांगायचं. तोच १०० ॲरेच्या आत असेल तर उत्तर यायचं ४४, आणि तेही चकार शब्द न काढता. म्हणजे एका आकड्यावर तपासून पाहिलं तर सगळं छान, आणि लाखभर आकड्यांवर चालवलं की चुकीचं. ज्याने काळजीपूर्वक तपासलं तोच फसायचा! नव्या आवृत्तीत नियम एकच आहे. ज्या घरातला आकडा घ्याल त्याच घरात उत्तर मिळेल. सुटा आकडा ओसंडला तर वर इशाराही छापून येतो. तसंच विंडोजचं. तिथे पूर्णांकाचं घर पूर्वी ३२ बिटांचं होतं आणि लिनक्सवर ६४ चं. त्यामुळे बेरीज २१४ कोटी ७४ लाखांच्या पुढे गेली की एकाच वर्गातल्या दोन मुलांची उत्तरं वेगळी यायची आणि सरांना वाटायचं एकाने कॉपी नीट केली नाही. २.० मध्ये दोन्हीकडे ६४. या बदलांवर उघड्यावर चर्चा झाल्या, आक्षेप आले, कशामुळे काय मोडेल याचे तक्ते छापले गेले. कोणती कंपनी तिच्या बेरजेचा नियम बदलताना तुम्हाला विचारते?

शंकेखोर : इशारा सुट्या आकड्याला, ॲरेला अजूनही नाही. म्हणजे जिथे खरं काम चालतं तिथे तोंडावर बोट. ते सोडा. नियम चांगला असेलही. पण तो बदलला त्या दिवशी जुन्या प्रबंधांतल्या कोडचं काय झालं? १९९२ सालचं लॅपॅक हे फोरट्रानमधलं ग्रंथालय आजही समीकरणं सोडवतं. तुमचं नमपाय काय किंवा आणखी कुणी काय, आतून शेवटी त्याच्याच दारात जातं. फोरट्रानवाल्या म्हाताऱ्यांनी नवं शिकायचा आळस केला म्हणून हसता त्यांना. पण २०२० साली संशोधकांनीच एकमेकांना आव्हान दिलं होतं की दहा वर्षांपूर्वीचा स्वतःचाच कोड आज चालवून दाखवा. त्यात किती जणांची दमछाक झाली हे तुम्हीही वाचलं असेल. पायथॉनच्या दुसऱ्या पिढीला त्याच वर्षीच्या १ जानेवारीला मूठमाती मिळाली. ज्याचा पाया दर पाच वर्षांनी हलतो त्यावर विज्ञान कसं बांधायचं?

आणि त्याच वर्षाचं दुसरं उदाहरण. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या कोविड-मॉडेलने मार्चमध्ये लाखो मृत्यूंचं भाकीत केलं, देशांची धोरणं हलली. मागचा कोड फ्लूच्या साथीसाठी तेरा-चौदा वर्षांपूर्वी लिहिलेला, हजारो ओळींचा, टिपणं नसलेला. तो आधी साफसूफ केला आणि मगच लोकांना दाखवला. आणि तरी काही वेळा त्याच आकड्यांवर दोनदा चालवला तर उत्तर थोडं वेगळं यायचं.

उत्साही : पुढचंही सांगा की. जूनमध्ये केंब्रिजच्या स्टीफन एग्लेन यांनी तो स्वतंत्रपणे चालवून पाहिला आणि मूळ अहवालातले निष्कर्ष पुन्हा मिळाले. उत्तर थोडं वेगळं येण्याचं म्हणाल, तर त्यात जादू नाही. पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून तिच्यात ०.३ मिळवा, शेवटी एक चिमूटभर जास्त येतं : ०.६००००००००००००००१. आधी ०.२ आणि ०.३ मिळवा, मग ०.१, बरोबर ०.६. दशांश अपूर्णांक दोनच्या भाषेत नेमके बसत नाहीत, म्हणून बेरजेचा क्रम बदलला की शेवटचं घर बदलतं. संगणकाचे आठ गाभे एकदम काम करत असतील तर कोणता आधी संपेल हे कोण सांगणार? हवामानाची मॉडेलं रोज याच अनिश्चिततेत चालतात.

शंकेखोर : एग्लेन यांनी केलं ते मोलाचं काम, मी टोपी काढतो. पण त्यांनी काय दाखवलं? कोड तेच उत्तर पुन्हा देतो. ते उत्तर साथीबद्दल खरं आहे, हे त्यांनी दाखवलं नाही आणि तसा दावाही केला नाही. चुकीचं घड्याळही रोज तीच चूक दाखवतं. तुमचे लोक 'पुन्हा मिळालं' आणि 'बरोबर आहे' यांची गल्लत करतात.

(लेखकाला इथे शंकेखोराच्या बाजूने एक शब्द घालावासा वाटतो. ही गल्लत करणारे बहुतेक कोड लिहिणारे नसतात. अहवालाचं पहिलं पान वाचून निर्णय घेणारे असतात.)

उत्साही : ठीक. मग जिथे 'बरोबर' या शब्दाला पक्का अर्थ आहे तिथे जाऊ. शुद्ध गणित. बॉनचे पीटर शोल्झ, २०१८ चे फील्ड्स पदकविजेते, यांनी डिसेंबर २०२० मध्ये एक आव्हान जाहीर केलं. त्यांनी एक प्रमेय सिद्ध केलं होतं, पण सिद्धता इतकी गुंतागुंतीची की स्वतःलाच पुरती खात्री वाटेना. कुणीतरी ती यंत्राकडून तपासून द्या, म्हणाले. लीन नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात सिद्धतेची पायरी न पायरी लिहावी लागते आणि 'हे उघड आहे' असं म्हणून पुढे जाताच येत नाही. योहान कॉमेलिन आणि बरोबरच्या मंडळींनी जून २०२१ पर्यंत नाजूक भाग पार केला आणि जुलै २०२२ मध्ये सगळं पूर्ण केलं. लीनचा सिद्धता तपासणारा गाभा इतका लहान की तो माणूस बसून वाचू शकतो. तुमच्या डिटरमिनंटला हेच औषध. उत्तर कुठल्याही काळ्या डब्यातून येऊ दे, सोबत पुरावा आण आणि तो या छोट्या गाभ्याला पटवून दे.

शंकेखोर : आणि हे पटवून द्यायला किती वर्षं? थॉमस हेल्स यांनी केप्लरचं अनुमान १९९८ मध्ये सिद्ध केलं. परीक्षक म्हणाले, ९९ टक्के खात्री आहे, उरलेली देता येत नाही. तो एक टक्का मिळवायला सोळा वर्षं गेली. २०१४ मध्ये यंत्राने होकार दिला. बरं, होकार मिळाला, समजलं काय? आपल्या देवळालीच्या दत्तात्रय कापरेकरांचं ६१७४ घ्या. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत, मोठ्यातून लहान मांडणी वजा करत जायचं. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४. पाच ओळींचा कोड डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळ्या संख्या तपासतो आणि 'होय' म्हणतो. पण का, ते सांगत नाही. शाळामास्तर कापरेकर कागदावर ज्या खोड्या काढत बसले, त्यातली मजा त्या 'होय'मध्ये कुठे आहे?

उत्साही : शोल्झ यांचं उदाहरण याच्या अगदी उलट आहे. लीनमध्ये घालण्याच्या खटाटोपात सिद्धतेतला एक जड भाग टाळता येतो हे कॉमेलिन यांच्या लक्षात आलं, आणि मुळात ती सिद्धता कशामुळे चालते हे आपल्याला आत्ता जास्त कळलं, असं शोल्झच म्हणाले. हट्टी विद्यार्थ्याला शिकवताना गुरुजींना विषय कळतो तसंच ते. वेळेचं म्हणाल तर २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये टाओ, गॉवर्स, ग्रीन आणि मॅनर्स यांनी एक जुनं अनुमान सोडवलं आणि तीन आठवड्यांत ते लीनमध्ये तपासूनही झालं. सोळा वर्षांवरून तीन आठवडे! आणि २०२४ च्या जुलैमध्ये गूगलच्या अल्फाप्रूफ या एआयने जोडीच्या अल्फाजॉमेट्रीसह ऑलिम्पियाडच्या सहापैकी चार गणितांची उत्तरं दिली, ४२ पैकी २८ गुण, सुवर्णपदकाला एक कमी. एआय थापा मारतं ही तुमची नेहमीची तक्रार. इथे थाप चालतच नाही, दारात लीन उभं आहे.

शंकेखोर : दारात उभं आहे, पण दार कुठलं हे कुणी ठरवलं? त्या स्पर्धेत प्रश्न इंग्रजीतून लीनमध्ये कुणी उतरवले? माणसांनी. तिथे एक अट चुकून गळली असती तर यंत्राने भलत्याच प्रश्नाची निर्दोष सिद्धता दिली असती. लीनच्या ग्रंथालयात एक भागिले शून्य बरोबर शून्य आहे. नैसर्गिक संख्यांत दोन वजा तीन बरोबर शून्य आहे. आणि आठ बिटांच्या संख्यांत शंभर अधिक दोनशे बरोबर चव्वेचाळीस, हे तर तुमचं लीन डोळे झाकून सिद्ध करून देईल. निर्दोष सिद्धता!

उत्साही : भागिले शून्यचा तो संकेत आहे. प्रत्येक वेळी 'भाजक शून्य नाही' हे हातात घेऊन फिरायला नको म्हणून केलेली सोय. ज्या प्रमेयात खरंच गरज आहे तिथे ती अट लिहावीच लागते. पण मुद्दा कळला. पूर्वी आपण आकडेमोड तपासायचो. आता आकडेमोड यंत्र तपासेल, आपल्याला प्रश्न तपासावा लागेल. लाखभर ओळींपेक्षा दहा ओळींची व्याख्या वाचणं सोपं, असं मी म्हणेन.

शंकेखोर : गणितात. पुलाच्या खांबाला, पावसाच्या अंदाजाला, औषधाच्या मात्रेला दहा ओळींची व्याख्या कुणी दिली आहे? तिथे प्रश्नच मुळात अर्धा माहीत असतो. मोजमापात चूक, समीकरणात सूट, मग आकडेमोड. तुमचं औषध यातल्या शेवटच्यालाच लागू पडतं. आणि आता मुलं कोड स्वतः लिहीतसुद्धा नाहीत, एआयला सांगतात. ते नमपाय १ चं वळण आणि २ चे नियम एकाच ओळीत घालून देतं. चाललं की झालं! वाचायची सवयच गेली तर प्रश्न तपासायची ताकद कुठून येणार?

उत्साही : मग बंदी घालायची? कापरेकरांच्या कागदावर परत जायचं? ज्या मुलाला कालपर्यंत एक समीकरण संगणकावर सोडवता येत नव्हतं तो आज प्रयोग करून बघतो आहे. चुकेल. तुमचे फोरट्रानवाले चुकत नव्हते? त्यांच्या चुका कपाटात राहिल्या, याच्या चुका चव्हाट्यावर येतात, एवढाच फरक. त्या स्क्रिप्टमधली चूक हवाईतल्या एका विद्यार्थ्यानेच पकडली, आणि पकडू शकला कारण स्क्रिप्ट त्याला उघडता आली. हे तुम्ही मला अजून नाकारून दाखवलेलं नाही.

शंकेखोर : नाकारत नाही. पाच वर्षं लागली, एवढंच म्हणतो. आणि ते काम त्याला कुणी दिलं नव्हतं, योगायोगाने अडलं म्हणून त्याने केलं. माझी मागणी साधी आहे. विद्यापीठाने प्रबंध घेताना त्यासोबत कोड मागावा, कोणती आवृत्ती वापरली ते लिहून घ्यावं, मूळ माहिती मागावी, आणि तिऱ्हाइताने तो एकदा चालवून पाहिल्याशिवाय पदवी देऊ नये. लीन नको, एआय नको. एकदा चालवून पाहा.

उत्साही : या मागणीवर मीही सही करून देतो. फक्त तो तिऱ्हाईत शोधा. शोधनिबंधांच्या परीक्षकांना बहुतेक नियतकालिकं एक पैसाही देत नाहीत, आणि दुसऱ्याचा कोड चालवून पाहायला एक आठवडासुद्धा पुरत नाही.